जुन्या साड्यांची चिऊ-काऊची गोधडी: बारशाच्या भेटीसाठी, कापड निवडण्यापासून गोटापर्यंत

गोधडी शिवताना सहसा कुणाचं काही बिघडत नाही. बिघडल्याचं कळतं ते पहिल्या धुण्यानंतर. काळ्या कावळ्याचा रंग पिवळ्या घरावर उतरतो. अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगे धरून बसतं. मधल्या थरातली विरलेली साडी आतल्या आत फाटते आणि तिची गुठळी कोपऱ्यात जमते. या तिन्ही चुका सुईत दोरा ओवण्याआधीच झालेल्या असतात, म्हणून खाली तयारीला शिवणाइतकीच जागा दिली आहे. तयारीचे टप्पे वगळून थेट पाचव्या टप्प्यावर येऊ नका.

नमुना म्हणून बारशाला देण्याजोगी बाळगोधडी घेतली आहे. तयार माप ९० × १०० सेंटिमीटर, थर पाच, आणि वरच्या थरावर चिऊचं मेणाचं घर, काऊचं शेणाचं घर, दोन पक्षी आणि पाऊस. चिऊच्या घराचं दार खरोखर उघडतं. मूल रांगायला लागलं की सगळ्यात जास्त हात त्या दारालाच लागतो, त्यामुळे ते कसं पक्कं करायचं हे मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

रोज एक तास बसलात तर सगळं मिळून पाच आठवडे लागतात. बारसं बाराव्या दिवशी असतं आणि बाळ पंचांग पाहून येत नाही. सातव्या महिन्यात सुरुवात करा.

## लागणारं सामान

- सुती साड्या दोन (पाचवारी). एकीतून अस्तर आणि आतले तीन थर, दुसरीतून वरचा थर आणि गोट (कडेला शिवायची पट्टी).
- चित्रांसाठी सुती तुकडे: पिवळा किंवा मोतिया, शेणाच्या रंगाचा तपकिरी, काळा किंवा गडद राखाडी, चिमणीसाठी बदामी, पावसासाठी निळा. प्रत्येकी ३० × ३० सेंटिमीटर पुरतो.
- पांढरं मलमल, अर्धा मीटर.
- भरतकामाच्या सुती दोऱ्याच्या लडी: धावदोऱ्यासाठी एकाच रंगाच्या पाच, चित्रांसाठी कापडाच्या रंगाची एकेक.
- कच्च्या टाक्यांसाठी पांढरा सुती दोरा, एक रीळ.
- भरतकामाच्या ५ किंवा ६ नंबरच्या सुया, अंगुस्ताना, धारदार कात्री, मोजपट्टी, पांढरा खडू, पेन्सिल, मोठ्या डोक्याच्या ४० टाचण्या, कागदी चिकटपट्टी, एक लोहचुंबक.

पाच लडींचा हिशेब असा. ओळी १०० सेंटिमीटरच्या बाजूला समांतर आणि दोन-दोन सेंटिमीटरवर घातल्या तर साधारण ४५ ओळी होतात, म्हणजे ४५ मीटर. टाका कापडात वर-खाली जातो, त्याचे आणखी आठ-दहा मीटर. चित्रांभोवतीच्या ओळी धरून एकूण ६० मीटरच्या वर जातं. आठ मीटरच्या लडीत सहा पदर असतात. तीन-तीन वेगळे केले की एका लडीतून १६ मीटर दोरा निघतो. चार लडी जेमतेम पुरतात, पाचवी हाताशी असू द्या. नंतर आणलेली लड रंगात किंचित वेगळी निघते आणि तो फरक गोधडीच्या मधोमध दिसतो.

## टप्पा १: साडी निवडणं

मऊ झालेली आणि विरलेली यांत फरक करता आला पाहिजे. बाळाला मऊ साडी हवी. विरलेली साडी कुणालाच नको.

पाचवारी साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. खालचा काठ जमिनीला घासून जातो. समोरच्या निऱ्यांचा भाग आणि बसताना ताण येतो तो मागचा भाग लवकर पातळ होतो. कमरेला आत खोचलेला पहिला हातभर भाग आणि पदराच्या आसपासचा भाग बहुधा धड असतो. नऊवारीत कासोट्याचा भाग आधी जातो. साडी उजेडासमोर धरून पूर्ण लांबी सरकवत पाहा. जिथे धागे विरळ होऊन जाळी दिसते तिथे खडूने फुली मारा.

मग ताणून बघा. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून कापड उभ्या धाग्यात आणि नंतर आडव्या धाग्यात झटका देऊन ओढा. चर्रर आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली तर तो भाग बाद. दर अर्ध्या मीटरवर हे करा. पाच मीटरच्या साडीतून चार मीटर चांगलं कापड निघालं तर ती साडी चांगली म्हणायची.

साडीला फॉल असेल तर उसवून टाका. तो बहुतेक पॉलिएस्टरचा असतो. जरीचा काठही कापून बाजूला ठेवा, जरीची टोकं सुटली की कोवळ्या कातडीला ओरखडे पडतात.

सावधान: डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेली साडी नवजात बाळाच्या गोधडीला वापरू नका. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनमुळे फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे बारशापर्यंत बहुतेक घरांना माहीतही नसतं. वास गेला म्हणजे नॅफ्थलिन गेलं असं धरून चालू नका. ती साडी मोठ्या माणसाच्या गोधडीला ठेवा.

आणखी एक गोष्ट, कापडापलीकडची. आजीचं लुगडं फाडण्याआधी आजीला, ती नसेल तर ज्यांच्याकडे ते जपून ठेवलं आहे त्यांना विचारा. एखादीच साडी आठवण म्हणून राहिलेली असेल तर पदर तसाच ठेवून मधलं कापड मागा. बहुतेक जण आनंदाने देतात.

## टप्पा २: जाळून आणि भिजवून पाहणं

"सुतीच आहे" या सांगण्यावर विसंबू नका. काठाजवळून दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कापा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. शेजारी पाणी ठेवा. सुती कापड कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर नखाने न फुटणारा कडक मणी राहतो. मणी राहिला तर ते कापड गोधडीत नको. घाम शोषत नाही आणि गरम इस्त्रीखाली आकसतं.

इरकल लुगड्यात ही परीक्षा दोनदा करा. अंग सुती असलं तरी पदर आणि काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे असतात आणि ते धुण्यात वेगळे वागतात. खणाच्या तुकड्यांचंही तेच. आज बाजारात मिळणारे पुष्कळ खण सुती नसतात.

आता रंग. प्रत्येक कापडाचा एकेक तुकडा गरम साबणाच्या पाण्यात पांढऱ्या मलमलीच्या तुकड्यासोबत अर्धा तास वेगवेगळ्या वाटीत भिजवा. नंतर दोन्ही ओलेच एकमेकांवर ठेवून इस्त्री फिरवा. मलमलीवर डाग उमटला तर ते कापड आणखी दोनदा धुवा आणि पुन्हा तपासा. तिसऱ्यांदाही डाग पडला तर सोडून द्या, कितीही आवडलं असलं तरी.

मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आधीच रंगवून आलेल्या सुती कापडाचा सुटणारा रंग त्याने बसत नाही. एक धुणं निभावतं, पुढच्या धुण्यात व्हायचं ते होतंच.

कावळ्यासाठी जुन्या चंद्रकळेचा तुकडा फार सुंदर दिसतो, पण काळा, गडद लाल आणि नीळ हे तीन रंग सगळ्यात जास्त दगा देतात. काही घरांत नवजात बाळाच्या वस्तूत काळं चालत नाही, तेही आधी विचारून घ्या. गडद राखाडी कावळा तितकाच कावळा दिसतो.

## टप्पा ३: धुणं

कांजी केलेली साडी आधी दोन तास गरम पाण्यात भिजवून खळ काढा. खळ राहिली तर कसर लागते आणि सुईही जड जाते. मग एका बादली गरम पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा आणि नेहमीची पावडर घालून धुवा. स्वच्छ पाण्याने तीनदा खळबळा. सुवासिक द्रव घालू नका.

बोहारणीकडून किंवा बाजारातून आणलेलं कापड घरात मोकळं पसरू नका. पिशवी तशीच बांधून ठेवा, थेट ६० अंशांच्या किंवा त्याहून गरम पाण्यात अर्धा तास धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ढेकूण आणि त्यांची अंडी घरात येण्याचा हा नेहमीचा रस्ता आहे.

अस्तरासाठी नवं मांजरपाट वापरणार असाल तर ते दोनदा गरम पाण्यात धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच मापा. जुनी साडी आटायची तेवढी आटलेली असते. नवं कोरं कापड मीटरमागे काही सेंटिमीटर सहज आटतं, आणि गोधडीवर धुतल्यानंतर येणाऱ्या सुरकुत्या बहुतांशी याच एका चुकीतून येतात.

तपासा: सगळं कापड वाळलं, इस्त्री झाली, प्रत्येकाची रंगाची परीक्षा झाली. एकही राहिलं असेल तर थांबा.

## टप्पा ४: कापणं

| थर | माप (सेंमी) | नग |
|---|---|---|
| अस्तर | ९८ × १०५ | १ |
| आतले थर | ९४ × १०४ | ३ |
| वरचा थर | ९४ × १०४ | १ |
| गोट | ६ × ४१० | १ पट्टी |

साडीचा पन्हा ११५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. दोन्ही काठ काढले की १०५ उरतो. म्हणून १०० ची बाजू पन्ह्यात आणि ९० ची बाजू साडीच्या लांबीत घ्यायची. अशा रीतीने एका साडीतून अस्तर आणि आतले तिन्ही थर निघतात आणि झिजलेला मीटरभर भाग टाकून देता येतो.

फाडून सरळ रेषा मिळते हे खरं, पण जुनी साडी भलतीकडे फाटते. आधी पाच सेंटिमीटर फाडून पाहा. वाकडी जात असेल तर एक आडवा धागा ओढून काढा आणि पडलेल्या रेघेवर कात्री चालवा. कापड तिरकं कापलं गेलं तर गोधडी धुतल्यावर पतंगासारखी तिरपी होते, मग इस्त्रीने ती सरळ होत नाही.

गोटासाठी दुसऱ्या साडीचा वरचा काठ घ्या, म्हणजे कमरेकडचा. तो जमिनीला लागत नाही, त्यामुळे शाबूत असतो, आणि पाच मीटर सलग मिळतो. चारी बाजूंना मिळून ३८० सेंटिमीटर लागतात, कोपरे आणि शेवटचा जोड धरून ४१०. एकही मधला जोड येत नाही. काठ सहा सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर साडीच्या अंगाचं थोडं कापड त्यासोबत ठेवूनच कापा.

थर पाचापेक्षा जास्त करायचा मोह होतो. करू नका. सात थरांच्या पुढे सुई सरळ जात नाही, टाके मोठे होतात आणि पावसाळ्यात गोधडी वाळता वाळत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये जन्मणाऱ्या बाळासाठी आतला एकच थर ठेवा, एकूण तीन.

## टप्पा ५: चित्रं

चित्रं फक्त वरच्या थरावर शिवायची. पाचही थर एकत्र केल्यावर चित्र शिवायला घेतलं की मागे गाठी आणि दोऱ्याचं जाळं दिसतं. ही चूक फार जण करतात.

मांडणी. वरचा थर जमिनीवर पसरा. चारी बाजूंनी १२ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, त्यातली थोडी छाटणीत आणि गोटात जाणार आहे. डावीकडे खाली काऊचं घर, उजवीकडे चिऊचं, प्रत्येकी २४ × २६. पक्षी साधारण १४ × १२, काऊ दारासमोर उभा, चिऊ छपरावर. वरच्या भागात पावसाचे सात-आठ थेंब. चार सेंटिमीटरपेक्षा लहान आकार कापडात कापू नका, त्याच्या कडा दुमडता येत नाहीत. चोच, पाय आणि डोळे दोऱ्याने भरायचे.

साचे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद साच्यांना उत्तम. गुळगुळीत झिलईचा किंवा सोनेरी छपाईचा भाग टाळा, इस्त्रीखाली तो कापडाला चिकटतो. साचा कापडाच्या उलट बाजूवर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढा आणि बाहेर ६ मिलिमीटर सोडून कापा.

सावधान: उलट बाजूवर आखलेलं चित्र सुलट बाजूला उलटं येतं. काऊने चिऊच्या घराकडे पाहायचं असेल तर साचा पालथा घालून आखा. हे लक्षात येतं तेव्हा कापड कापून झालेलं असतं.

कडा दुमडणं. साचा आत ठेवून सोडलेलं कापड त्यावर इस्त्रीने दुमडा. बाहेर फुगलेल्या वळणावर कडेने बारीक धावदोरा घालून ओढा, चुण्या सारख्या बसतात. आत वळलेल्या भागात, जसं चिमणीच्या मानेशी, सेंटिमीटरभर अंतरावर चिरा द्या. चीर रेघेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबली पाहिजे. रेघेपर्यंत गेली की तिथूनच चित्र उसवतं.

पिवळ्या, मोतिया अशा फिक्या तुकड्यांखाली मूळ साडीची नक्षी दिसते. त्यांना आतून मलमलीचं अस्तर लावा. त्यासाठीच ते अर्धा मीटर मलमल आहे.

क्रम. मागचं आधी, पुढचं नंतर: थेंब, घरं, खिडकी आणि दारं, शेवटी पक्षी. प्रत्येक तुकड्याचा उभा धागा खालच्या साडीच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. टाचण्या लावा, मग कच्चा टाका, मग टाचण्या काढा. कापडाच्या रंगाचा दोन पदरी दोरा घेऊन हातशिलाई करा. टाक्यांतलं अंतर तीन मिलिमीटर. टोकांवर, म्हणजे छपराच्या कोपऱ्यावर आणि शेपटीला, दोन-दोन टाके जास्त घाला.

उघडणारं दार. दोन तुकडे १० × १४ चे घ्या. सुलट बाजू आत ठेवून तीन बाजूंनी एक सेंटिमीटरवर टीप मारा. कोपऱ्यांचं जादा कापड छाटा, उलटवा, इस्त्री करा. तयार दार ८ सेंटिमीटर रुंद होईल. उघडी राहिलेली आखूड बाजू वर घ्या, ती सेंटिमीटरभर आत दुमडा, म्हणजे उंची १२ सेंटिमीटर होते. ती बाजू घराला उलट्या टीपेने दोनदा शिवा, दुसरी ओळ पहिलीच्या चार मिलिमीटर खाली. दार पडद्यासारखं खालून वर उघडेल. बाजूने उघडणारं दार दिसतं छान, पण लोंबून मुडपतं आणि धुतल्यावर नीट बसत नाही. दाराच्या आड घरावरच चिऊचं पिल्लू दोऱ्याने भरा, हे दार लावण्याआधी.

सावधान: दाराला बटण, मणी, नाडी, वेल्क्रो काहीही नको. डोळ्यांना टिकल्या नकोत. निघू शकेल ते सगळं बाळाच्या तोंडात जातं.

## टप्पा ६: थर मांडणं आणि कच्चे टाके

फरशी पुसून कोरडी करा. अस्तर सुलट बाजू खाली करून पसरा आणि कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर पट्टी काढताच ते मागे आकसतं आणि वर फुगे येतात.

त्यावर आतले थर एकेक करून. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारखा करा. सगळ्यात पातळ थर मधोमध. एखाद्या थराला भोक असेल तर त्यावर भोकापेक्षा सगळ्या बाजूंनी तीन सेंटिमीटर मोठं ठिगळ नुसतं ठेवा, टाक्यांत ते आपोआप पकडलं जातं. दोन थरांची ठिगळं एकावर एक येऊ देऊ नका. शेवटी चित्रांचा थर, सुलट बाजू वर.

कच्चे टाके पांढऱ्याच दोऱ्याने घाला, रंगीत दोरा खूण सोडतो. आधी मधून उभी आणि आडवी ओळ, अधिकच्या चिन्हासारखी. मग तिथून कडेकडे, दर दहा सेंटिमीटरवर, दोन्ही दिशांनी. टाका चार-पाच सेंटिमीटरचा. तासाभराचं कंटाळवाणं काम आहे, पण नुसत्या टाचण्यांवर भागवलेली गोधडी मांडीवर घेताच सरकते.

तपासा: चिकटपट्टी काढा आणि गोधडी पालथी करा. अस्तरावर घडी किंवा फुगा दिसला तर तेवढ्या भागातले टाके काढून पुन्हा घाला. इथे दहा मिनिटं जातात, नंतर काढायचं म्हटलं तर आठवडा जातो. टाचण्या मोजा. चाळीस भरल्या पाहिजेत.

## टप्पा ७: धावदोरा

घरोघरच्या जुन्या बायका गोधडी कडेने सुरू करून आत आत येत शिवतात. ती पद्धत त्यांच्या कामाला बरोबर आहे, कारण वरचे तुकडे त्या शिवता शिवता ठेवतात आणि जादा कापड तिथल्या तिथे मुडपतात. आपला वरचा थर आधीच अखंड तयार आहे. कडेने सुरुवात केली तर सगळा सैलपणा मध्यभागी अडकेल. म्हणून मधून कडेकडे चला.

पहिल्यांदा प्रत्येक चित्राभोवती, कडेपासून पाच मिलिमीटरवर, एक ओळ घाला. चित्र उठून दिसतं आणि थरही बसतात. घरं मोठी आहेत, त्यांच्या आतही भिंतीच्या विटांसारख्या तीन-चार ओळी हव्यात, नाहीतर तिथे पोकळी राहून थर गोळा होतो. उघडणारं दार वर उचलून टाचणीने अडकवून ठेवा. दारासकट धावदोरा घालून ते कायमचं बंद करणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

मग सरळ ओळी, दोन-दोन सेंटिमीटरवर, खडूने आखून. दोरा हातभर, ५० सेंटिमीटरपेक्षा लांब नको. लांब दोरा कापडातून जाता-येता पिंजतो. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला आणि हलका झटका द्या, गाठ थरांत लपते. टाका पाच मिलिमीटर, मधलं अंतरही तेवढंच. सुईवर एका वेळी तीन-चारच टाके घ्या. पाच थरांत सुई ढकलायला अंगुस्ताना लागतोच, त्याशिवाय तिसऱ्या दिवशी बोट सुजतं. दाभण वापरू नका, जुन्या कापडात त्याची भोकं भरून येत नाहीत.

दर दहा टाक्यांनी ओळीवरून बोट फिरवून कापड सैल करा. दोरा ओढून घट्ट केलेली ओळ गोधडीला आवळते आणि कडा लाटांसारख्या होतात. ओळ संपली की जागच्या जागी दोन टाके घेऊन सुई थरांतून तीन सेंटिमीटर पुढे काढा आणि दोरा कापा.

एका ओळीला दहा-बारा मिनिटं लागतात. एका बैठकीत पाच ओळी पुरेत. दमल्यावर टाके मोठे होतात आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतात.

तपासा: दर तिसऱ्या ओळीनंतर गोधडी पालथी करून पाहा. मागच्या बाजूला सात-आठ मिलिमीटरपेक्षा लांब किंवा सैल टाका असेल तर उसवून पुन्हा घाला. त्यात बाळाच्या पायाचं बोट अडकतं, दोरा बोटाभोवती आवळतो आणि बाळ का रडतंय ते बराच वेळ कळत नाही.

## टप्पा ८: गोट

सगळे टाके झाल्यावर कच्चे टाके काढा. गोधडी सपाट पसरून ९० × १०० च्या रेषा आखा आणि पाचही थर एकदम छाटा. छाटलेल्या कडेला लगेच आतून एक सेंटिमीटरवर मोठे टाके घाला, नाहीतर थर सुटतात.

गोटाची पट्टी सुलट बाजूवर, सुलट बाजू खाली ठेवून, कडेला कड लावा. कापलेली कड बाहेरच्या बाजूला, विणीची कड आतल्या बाजूला. सुरुवात बाजूच्या मध्यापासून करा, कोपऱ्यापासून कधीच नाही. कडेपासून दीड सेंटिमीटरवर उलटी टीप घाला. मशीन असेल तर इथे वापरायला हरकत नाही, टाका मात्र मोठा ठेवा.

कोपरा दीड सेंटिमीटर उरला की थांबा आणि दोरा पक्का करा. पट्टी वर, गोधडीपासून दूर दुमडा, म्हणजे तिरकी घडी पडेल. मग तीच पट्टी पुढच्या बाजूवर खाली आणा, वरची घडी गोधडीच्या कडेशी जुळवा आणि पुन्हा दीड सेंटिमीटरवर शिवायला लागा. पट्टी मागे वळवल्यावर कोपरा आपोआप तिरका बसतो. थांबायचं विसरून थेट कडेपर्यंत शिवलं तर कोपरा गोळा होतो. शेवटी दोन्ही टोकं तीन सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन वरचं टोक आत दुमडा.

पट्टी मागे वळवा, दीड सेंटिमीटर आत दुमडून हातशिलाई करा. सहा सेंटिमीटरची पट्टी दीड-दीडच्या चार भागांत वाटली जाते, त्यामुळे गोट आतून भरलेला राहतो. रिकामा, लोंबणारा गोट सगळ्यात आधी फाटतो.

## टप्पा ९: धुणं, तपासणी आणि देणं

देण्याआधी गोधडी एकदा धुवायचीच. खडू जातो, टाके बसतात, आणि काही बिघडणार असेल तर ते तुमच्या घरी बिघडतं. कोमट पाणी, थोडी पावडर, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. दोरीवर लटकवू नका. ओली गोधडी स्वतःच्या वजनाने लांबते. खाटेवर किंवा चादरीवर आडवी पसरून दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या. घडी करून मधला थर गालाला लावून पाहा, गार लागला तर अजून ओल आहे. ओलसर ठेवलेल्या गोधडीला चार दिवसांत बुरशीचा वास येतो.

नंतर लोहचुंबक सबंध गोधडीवरून, दोन्ही बाजूंनी, सावकाश फिरवा. टाचण्या मोजल्या असल्या तरी फिरवा. सुईचं तुटलेलं टोक मोजणीत सापडत नाही. सगळ्या चित्रांच्या कडा नखाने उचलून पाहा. दार धरून जोरात ओढा, मूल ओढेल तसं.

नाव भरायची घाई करू नका, ते बारशालाच ठरतं. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात १५ × ५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा आणि नाव ठेवल्यावर तिथे उलट्या टीपेने भरून द्या. टाका फक्त अस्तरातून आणि एका आतल्या थरातून जाऊ द्या. कुणाच्या साड्या आहेत तेही त्याखाली एका ओळीत भरता येतं: आजीचं लुगडं, आत्याची साडी. पेनाने लिहू नका, शाई धुण्यात जाते.

गोधडी देताना तोंडी दोन गोष्टी सांगा. एक, वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपेत सैल पांघरूण घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, झोपेत ते तोंडावर येऊ शकतं. तोवर ही गोधडी जमिनीवर अंथरून बाळाला जागेपणी पालथं घालायला आणि मोठ्यांच्या नजरेखाली खेळायला. दोन, कपाटात ठेवताना डांबराच्या गोळ्या नकोत, कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवला तरी चालतो.

सोबत एक लहान पिशवी द्या. तिच्यात प्रत्येक कापडाचा हातभर उरलेला तुकडा, पाचव्या लडीचा शिल्लक दोरा आणि दाराच्या मापाचे कापून ठेवलेले दोन तुकडे घाला. दार दोन वर्षांत बदलावं लागतं.